अक्काच्या विहिरीवरचं सरकार

पुंजारामला गावात कुणी वाईट म्हणत नव्हतं, पण त्याच्या तोंडाला कुलूप नाही असं सगळेच म्हणायचे. आता कोतवालाच्या तोंडाला कुलूप घालून कसं भागंल? दवंडी द्यायची, तलाठ्याचा निरोप घरोघर न्यायचा, कुणाचा बांध कुणी कोरला ते पंचनाम्याला सांगायचं, ही कामं काय मुक्या माणसाची आहेत? हल्ली म्हणे कोतवालाला कोतवाल म्हणायचं नाही, महसूल सेवक म्हणायचं, असा वरून हुकूम आलाय. पुंजारामनं तो हुकूमही स्वतःच गावभर सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं त्याला "ए कोतवाल" म्हणून हाक मारली. तोही ओ म्हणाला.

गाव तीर्थपुरीच्या बाजाराला जाणारं. पुंजाराम मूळचा इथला नव्हे. आई-बाप गेले तेव्हा तो एवढंसं लेकरू होता, नाकाला शेंबूड आणि अंगात दुसऱ्याचा सदरा. थोरली बहीण चांगुणा, त्याची अक्का, ह्या गावात दिलेली. तिनं परतूरकडून त्याला उचललं आणि सरळ सासरी आणून ठेवलं. सासू कुरकुरली, "भावाला आंदण आणलंय व्हय गं?" चांगुणाबाई म्हणाली, "व्हय, आणलंय. खाईल तेवढं राबंल बी." आणि राबला तो. मोसंबीची बाग लावायची ठरली तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. खड्डे त्यानं घेतले, शेणखताच्या पाट्या त्यानं वाहिल्या, कलमांना पहिलं पाणी त्यानं घागरीनं घातलं. पुढं दाजींनी, म्हणजे चांगुणाबाईच्या नवऱ्यानं, चार जणांचे पाय धरून त्याला कोतवाली मिळवून दिली. गावठाणात दोन खोल्या बांधून दिल्या. सुरेखासारखी शहाणी बायकोही अक्कानंच पाहून दिली, नाहीतर ह्याला कोण पोरगी देत होतं!

मग दाजी गेले. अक्काची एकुलती लेक लग्न होऊन भोकरदनकडं नांदायला गेली. मागं राहिली अक्का, तिची विहीर आणि तिची बाग. लेक सणाला येऊन जायची, पण अक्काचा दिवस झाडांशी बोलण्यात जायचा. कोणतं झाड कोणत्या साली रुसलं, कुणाला बहार उशिरा आला, सगळं तिला तोंडपाठ.

विहिरीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. ती अक्काच्या सासऱ्यानं खोदली आणि दाजींनी खोल केली. खोल करताना एक सुरुंग अवेळी उडाला नि दाजींच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्यावर दाजी म्हणायचे, बोटं गेली पण झरा सापडला, सौदा वाईट न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात सगळा तालुका खडी फोडायला गेला तेव्हाही त्या विहिरीत पाणी होतं. अलीकडं मोठा दुष्काळ पडला, गावोगावच्या मोसंबीवर कुऱ्हाडी चालल्या, लोक खोडं धरून रडले, तेव्हाही अक्काची बाग हिरवीगार उभी. त्या वेळी सरकारला ह्या विहिरीचा पत्ता नव्हता, कारण त्या वेळी पुंजाराम कोतवाल नव्हता.

यंदा मात्र होता.

माघ संपता संपता गावाच्या नळाला गुळणी करण्यापुरतंही पाणी येईना. तलाठी मोटरसायकलवरून आले, मारुतीच्या पारावर बसले आणि चार माणसांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय मंडळी, शिवारात कुणाच्या विहिरीला पाणी आहे?"

पारावर जे बसले होते त्यातल्या निम्म्यांच्या विहिरींना कमीजास्त पाणी होतं. पण एकजण तंबाखू मळायला लागला, एकाला एकदम खोकला आला, एकजण म्हैस सुटली म्हणत उठला. सरकारला आपलं पाणी सांगू नये, हे इथं लेकरांनाही समजतं. पुंजारामला समजत नव्हतं असं नाही. पण विषय अक्काच्या विहिरीचा! छाती फुगवून म्हणाला, "साहेब, पाणी पाहायचं तं आमच्या अक्काच्या विहिरीत पाहा. बहात्तरला बी आटली न्हाई. बिलकुल काचंवानी पाणी!"

तलाठ्यांनी मान हलवली आणि गट नंबर लिहून घेतला. तंबाखू मळणारा म्हातारा कपाळाला हात लावून म्हणाला, "पुंजा, तुझ्या जिभेला हाड न्हाई रे, हाड."

आठवडा झाला आणि आदेश आला. गट नंबर अमुकमधली विहीर पिण्याच्या पाण्यासाठी पाऊस पडेपर्यंत अधिग्रहित. मालकानं शेतीला पाणी घ्यायचं नाही. मोबदला सरकार देणार. आणि आदेश मालकाला पोचवायचा कुणी? तर कोतवालानं.

पुंजाराम कागद घेऊन गेला. सोबत दोन पंच. अक्का ओसरीवर लसूण सोलत बसलेली. तिनं कागद हातात घेतला नाही. म्हणाली, "वाच."

त्यानं वाचला.

"म्हंजे विहीर घेतली सरकारनं?"

"घेतली म्हंजे... पाऊस पडंपर्यंत गं. लोकाला प्यायला."

"अन् बाग?"

"बागेला मोटर चालू करायची न्हाई म्हणते."

"मला कुणी इचारलं?"

"आदेश हाय अक्का. आदेशाला इचारत न्हाईत."

"मंग सांगायला तरी कामून आला?"

पुंजारामनं पंचांकडं पाहिलं. अक्का म्हणाली, "आजवर कुणी घागर घेऊन आलं अन् मी रिकामी धाडली, असं एक माणूस आण माझ्यापुढं. दिलंच असतं मी. अर्धी विहीर दिली असती. पण ह्यांनी येऊन मागायला काय झालं व्हतं? तोंड झिजतं का सरकारचं?" आणि ती पुन्हा लसूण सोलायला लागली.

आता नियम असा, की मालकानं कागद घेतला नाही तर तो पंचांसमोर दारावर डकवायचा. डकवायला खळ लागते. आणि इथं पुंजारामनं जे केलं ते फक्त पुंजारामच करू जाणे. लहानपणापासून सुई लागो, दोरा लागो, पायात काटा मोडो, तो एकाच बाईकडं हात पसरत आलेला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "अक्का, वाईच खळ करून दे गं."

पंचांनी माना खाली घातल्या. एकाला हसू आवरेना म्हणून तो खाली बसला आणि चपलेचा अंगठा चाचपू लागला. पुंजारामला आपण काय बोललो ते तेव्हा उमजलं. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं त्याला.

अक्का मात्र उठली. आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. कणीक पाण्यात कालवून तिनं चांगली घट्ट खळ केली, एक गुठळी राहू दिली नाही. वाटी आणून त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "चांगली दाबून चिटकव. वाऱ्यानं पडली तं पुन्हा येशील."

त्यानं चिकटवली. काय करणार! कागद तिरपा बसला. तिरपा आदेश चालतो का, असं त्यानं पंचांना विचारलंसुद्धा. पंच म्हणाले, चालतो.

दुसऱ्या दिवसापासून टँकर यायला लागला. टँकरवाला अतिक, अंबडकडचा, भला माणूस. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक खेप. टँकरच्या पंपाचा पाइप विहिरीत टाकताना अक्काला म्हणायचा, "सलाम मौसी, माफ करना." अक्का त्याच्यावर कधी ओरडली नाही. उलट उन्हाचा आला म्हणून ताकही दिलं. पुंजारामला वाटलं, चला, राग उतरला. घरी जाऊन सुरेखाला सांगितलं. सुरेखा म्हणाली, "राग टँकरवाल्यावर नव्हताच तिचा." बायकांना असलं बरोबर कळतं आणि नवऱ्याला सांगायची घाई असते.

चैत्रात ऊन असं तापलं की दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडेना. पुंजाराम एक दिवस दुपारी बागेकडं गेला. विहिरीवर लक्ष ठेवायचं, रोज पातळी बघून तलाठ्यांना कळवायचं, असं त्याला काम लावलेलं. बघतो तर झाडांची आळी ओली! मोटर चालू. आणि अक्का एका बुंध्याला टेकून बसलेली, डोक्यावर पदर, पायाजवळून पाणी चाललेलं.

"अक्का, हे काय करून राह्यली?"

"चोरी."

"असं कामून बोलती?"

"मंग काय बोलू? माझ्या विहिरीतलं पाणी माझ्या झाडाला घालते, अन् तुला पाहिलं तं छातीत धडधड होती. ह्याला चोरीच म्हणतेत ना? जन्मात केली न्हाई, आता शिकवली तुम्ही."

पुंजाराम आल्या पावली परत फिरला. पातळी कळवताना म्हणाला, उष्मा लई हाय साहेब, पाणी उडून चाललंय. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, कान गरम झाले. पण दोन दिवस गेले, चार दिवस गेले, आणि तो रोज दुपारी बागेकडं न जाता मारुतीच्या पाराकडं जायला शिकला.

विहीर झाली तरी तिला तळ असतोच. एका संध्याकाळी अतिकचा पाइप निम्म्या टाकीतच गुरगुरायला लागला. अर्धा टँकर गावठाणातच संपला. खालच्या वस्तीवर पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. कुणी कुणाच्या घागरी फेकल्या, कुणाचे केस कुणाच्या मुठीत आले. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वस्तीतली सोनूबाई पुंजारामच्या दारात येऊन उभी राहिली.

सोनूबाई म्हणजे कापूस वेचणारी, खुरपणारी, अंगानं काडी पण जबान अशी की तिच्याशी वाद घालायला मुकादमही घाबरायचा. घरात तिची सासू लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. तिनं रिकामी घागर पुंजारामच्या उंबऱ्यावर ठेवली. आपटली नाही. ठेवली.

"गावात सरकार हाय का मेलं?" ती म्हणाली.

"आता मी काय करू सोनूबाई? मी तं कोतवाल."

"आमच्यासाठी सरकार तेवढंच हाय भाऊ. कोतवालाच्या पुढचं आम्ही पाह्यलंच न्हाई."

"अक्काकडं जायचं असतं घागर घेऊन. ती काय न्हाई म्हणते का?"

"न्हाई म्हणत न्हाई. खोटं कामून बोलू? इतकी वर्षं तिनंच दिलं. पण तिची पूजा व्हईपर्यंत उभं राहा, तिचं जेवण व्हईपर्यंत उभं राहा, मंग माय म्हणा, मंग पाणी. चार लोकात तिनं म्हणावं, सोनूबाईला मी पाणी देते. देणारीनं म्हणावंच, तिचा हक हाय. पण टँकर आला तं मी नंबरानं घागर लावली. कुणाला माय म्हटलं न्हाई. पह्यल्यांदा वाटलं की हे पाणी माझ्या नावचं हाय." घागरीच्या काठावरून हात फिरवत ती म्हणाली, "म्हातारी अंथरूण खराब करती. दोन दिस झाले, धुवायला पाणी न्हाई. वास मारून राह्यलं घर. ते मी कुणाच्या मर्जीवर ठेवू, सांग."

"पण विहीर तं अक्काच्या सासऱ्यानं खोदली."

"खोदली. पाणी वतलं व्हतं का त्यानं?"

पुंजारामनं घागरीकडं पाहिलं. सोनूबाई म्हणाली, "दुपारी मोटर कोण चालवतं ते सगळ्या वस्तीला माहीत हाय. तुला बी हाय. बहीण म्हणून तू डोळे झाकले. आम्हाला बहीण न्हाई का कुणी?" आणि घागर उचलून निघून गेली.

आता पुंजारामचा स्वभाव असा, की ज्याच्याशी शेवटचं बोलणं होईल त्याचं त्याला खरं वाटायचं. सोनूबाईचं त्याला शंभर टक्के पटलं. तडक अक्काकडं गेला नि सोनूबाईचंच वाक्य म्हणाला, "विहीर आपली अक्का, पण खालचं पाणी काय दाजींनी वतलं व्हतं?"

अक्का म्हणाली, "बराबर. न्हाई वतलं. पाणी जमिनीचं. मंग ते माझं न्हाई म्हणतोस, तं सरकारचं कसं झालं? सरकारनं वतलं का?"

हेही पुंजारामला शंभर टक्के पटलं. आली का पंचाईत! डोकं धरून तो विहिरीच्या काठावर बसला. लोक म्हणतात दोन्ही डगरींवर पाय ठेवू नये. पण ह्याचा एक पाय बहिणीनं धरलेला, दुसरा वस्तीनं, ह्यानं ठेवावा तरी कुठं? सरकार म्हणजे कोण, हे तरी कुणी सांगावं. लहानपणी त्याला वाटायचं सरकार म्हणजे धूळ उडवत येणारी जीप. नोकरी लागली तेव्हा वाटलं, सरकार म्हणजे तलाठी. तलाठी तर तहसीलदाराला घाबरतात, तहसीलदार कलेक्टरला, कलेक्टर मुंबईला. आणि मुंबईत बसलेले म्हणतात सरकार म्हणजे जनता. जनता म्हणजे सोनूबाई. आणि अक्का कोण मग? ती जनता नाही? विचार करून करून त्याचं डोकं दुखायला लागलं.

पण एक गोष्ट होती. खालच्या वस्तीत एक म्हातारी घाणीत पडलेली होती. झाड दोन दिवस थांबेल, म्हातारी कशी थांबंल?

तो उठला. मोटरच्या पेटीकडं गेला. अक्का बघत होती. त्यानं पेटी उघडली आणि मागं वळून तिच्याकडं पाहिलं. तिनं अडवलं असतं, शिव्या दिल्या असत्या, एक धोंडा भिरकावला असता तरी त्याला बरं वाटलं असतं.

"काढ," अक्का म्हणाली.

त्यानं तिन्ही फ्यूज काढले आणि शर्टाच्या खिशात घातले. घरी आला तेव्हा सुरेखानं टँकरचं पाणी भरलेलं होतं. पेलाभर त्याच्यापुढं धरलं. कुठल्या विहिरीचं ते दोघांनाही ठाऊक होतं. तो प्याला. तहान लागली होती, न पिऊन काय करतो. पण त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटावी असं आपण काय केलं तेही त्याला नीट सांगता आलं नसतं.

टँकर पुन्हा पूर्ण भरायला लागला. खालच्या वस्तीवर पाणी पोचलं. सोनूबाई रस्त्यात भेटली, म्हणाली, "देव तुझं भलं करो भाऊ." त्याच रस्त्यानं पुढं बाग. पानं गुंडाळायला लागलेली. लिंबाएवढी झालेली फळं टपाटपा खाली. अक्का रोज ती वेचून टोपलीत भरायची. कशाला, कुणास ठाऊक. त्यांचा ना रस निघतो ना लोणचं होतं. पुंजाराम बांधावरून हाक मारायचा, "अक्का!" ती हूं म्हणायची. न बोलणं तिनं धरलं नव्हतं. नुसतं हूं.

वैशाख लागला तसं त्याला राहवेना. इस्तरीचा शर्ट घालून तो घनसावंगीला तहसीलमध्ये गेला. नायब तहसीलदार अर्पिता मॅडम नव्या होत्या, वयानं त्याच्या भाचीएवढ्या. दिवसभर लोक येऊन ओरडत होते, कुणी टँकर द्या म्हणून, कुणी आमची विहीर सोडा म्हणून. पुंजाराम हात जोडून म्हणाला, "मॅडम, एक इचारू का? हे आपण करून राह्यलो, हे बराबर हाय का?"

"काय करतोय आपण?"

"एकाचं घेऊन दुसऱ्याला देऊन राह्यलो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "काका, माणसाच्या पिण्याचं पाणी आधी. मग जनावरं. मग झाडं. हा क्रम कायद्यात आहे आणि मला तो पटतो. इथं खुर्चीवर बसून पटतो. मागच्या महिन्यात एकाची बाग बघायला गेले होते, तिथं उभं राहिल्यावर पटेना. आता मी बागा बघायला जातच नाही." मग आपण जास्त बोललो असं वाटून त्यांनी घाईनं पुढं विचारलं, "तुमच्या गावची रोजची पातळी सांगा."

त्यानं सांगितली. मॅडमनी कागदावर हिशेब केला. गावाचं भागवून थोडं पाणी उरत होतं. सगळ्या बागेला नाही पुरायचं, चौथाई झाडं जगतील. "तेवढं द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या जबाबदारीवर. लेखी मी देऊ शकत नाही, आणि टँकर एकदा जरी कमी भरला तर लगेच बंद."

पुंजारामला एवढा आनंद झाला की तो एसटीची वाट न बघता वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आला. चौथाई म्हणजे काय कमी? काहीच नाही त्यापेक्षा चौथाई! बागेत येऊन धापा टाकत त्यानं अक्काला सगळं सांगितलं. मॅडमला मीच इचारलं, मीच भांडलो, हेही सांगितलं, थोडं वाढवून.

अक्कानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोणती झाडं?"

"तू सांग ना. तुझी झाडं."

"मी तं सगळी म्हणते. एवढीच म्हणणारा तू हायेस. तूच निवड."

हे त्यानं धरलंच नव्हतं. पण कुणीतरी निवडायला हवं होतं. त्यानं सुतळीचा गुंडा घेतला. ज्या झाडाला पाणी द्यायचं त्याच्या बुंध्याला सुतळी बांधायची, बाकीचं सोडून द्यायचं. सोपं काम. त्यानं विहिरीजवळच्या ओळीपासून सुरुवात केली, पाणी वाया जात नाही म्हणून. मग वाटलं, ही तर थकलेली झाडं, जोमाची पलीकडच्या टोकाला आहेत. सोडली, तिकडं बांधली. मग वाटलं, ज्याच्यावर फळ टिकलंय ते जगवावं. पुन्हा सोडली. एका झाडाला बांधावी तर शेजारचं बघतंय असं वाटायचं. झाडं कुठं बघतात? पण वाटायचं. ह्यातला खड्डा न् खड्डा त्यानं घेतलेला, हाताला फोड आले तेव्हा अक्कानं हळद लावलेली. कुणाला म्हणावं तू मर? ऊन कलेपर्यंत तो बांधत नि सोडत राहिला आणि शेवटी कशीबशी चौथाई झाडं बांधून झाली. कोणत्या हिशेबानं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मोकळ्या राहिलेल्या झाडांकडं पाहून त्याचे डोळे भरून आले. रोज खिशात बाळगलेले फ्यूज त्यानं पेटीत बसवले आणि ओसरीवर आला.

अक्का जात्याजवळ बसली होती. म्हणाली, "पुंजा, एक सांग. ती सुतळी तू कोण म्हणून बांधली? भाऊ म्हणून, का सरकार म्हणून?"

"त्यानं काय फरक पडतो अक्का?"

"पडतो. माझ्या भावानं माझी एवढी झाडं मरायला सोडली असतील, तं मी मरेस्तवर त्याचं तोंड पाहणार न्हाई. अन् सरकारनं सोडली असतील, तं सरकारचं कुणी काय करतं? त्याला चहा पाजायचा अन् वाटं लावायचं. पावसापुढं न् सरकारपुढं कुठं दाद लागती?"

पुंजाराम उभाच राहिला. खरं तर तो भाऊ म्हणून गेला होता तहसीलला. भाऊ म्हणूनच भांडला, भाऊ म्हणूनच प्रत्येक झाडाशी अडखळला; सरकार असता तर पहिल्या चार ओळी बांधून घटकेत मोकळा झाला असता. पण फ्यूज? फ्यूज कुणी काढले होते? तेही त्यानंच, आणि तेव्हा डोळ्यांपुढं सोनूबाईची म्हातारी होती. तो भाऊ होता का सरकार, का कुणीच नाही, नुसता मध्ये सापडलेला माणूस? खरं सांगितलं तर बहीण जाते. आणि आईबापाविना वाढलेल्या माणसाला दुसरं आहे कोण?

"सरकार म्हणून," तो म्हणाला.

अक्का उठली. तलाठी-बिलाठी आले की काढायची ती प्लास्टिकची खुर्ची आतून आणली, पदरानं पुसली आणि ओसरीवर मांडली. म्हणाली, "बसा."

तांब्याभर पाणी त्याच्यापुढं आलं. मग चहा आला. आजवर ह्या घरात पुंजाराम चहा प्याला तो आत, गॅसच्या ओट्याला टेकून, स्टीलच्या पेल्यात, साखर कमी पडली म्हणून कुरकुरत. आता चहा आला तो फुलाफुलांच्या कपबशीत, ताटलीत ठेवून, बाजूला दोन बिस्किटं. तो प्याला. एकदा वाटलं, हसून म्हणावं, अक्का, हे काय गं नाटक. तोंडाला कुलूप नसलेल्या त्या माणसाला एवढे चार शब्द काढता आले नाहीत.

चहा संपला तसा तो सवयीनं उठला आणि कप विसळायला मोरीकडं निघाला.

"राहू द्या," अक्का म्हणाली. "आलेल्या साहेबांना आम्ही कप विसळू देत न्हाई." आणि तिनं त्याच्या हातातून कपबशी काढून घेतली.